खुंटीवरचा चष्मा

तात्या, तुमचा डोळा पास झाला.

काल दुपारी पुण्याहून डॉक्टर मॅडमचा फोन आला. एरवी तोलूनमापून बोलणारी बाई, काल नुसती हरखून गेली होती. "तात्यांच्या डोळ्यातलं यंत्र काढून तपासलं. कुठे गंज नाही, झीज नाही, वरचं आवरण जसंच्या तसं. खालचा पडदासुद्धा शांत आहे. इतकी वर्षं आत राहून इतकं स्वच्छ निघेल असं आम्हाला वाटलं नव्हतं." मी "वा, वा" म्हटलं आणि फोन ठेवला. मग घरभर येरझाऱ्या घातल्या. चहा टाकला, तो उतू गेला. रेडिओ लावला, बंद केला. इंदापूरच्या माझ्या या दोन खोल्यांत माझा पाय कधी कुठं अडखळत नाही, काल तो स्टुलावर आपटला.

कारण तो डोळा का पास झाला हे मॅडमना माहीत नाही. मला माहीत आहे, आणि तुमच्या घरी वैनींना माहीत आहे. तुम्ही तो वापरलाच नाही, तात्या.

आता बोला. बोला म्हणजे काय, तुम्ही बोलणार नाही हे मला कळतं. तुम्ही गेलात तेव्हा ऊसतोड नुकती लागली होती आणि अजून रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्यात. म्हणजे फार दिवस झालेले नाहीत. एवढ्यात माणसाशी भांडू नये म्हणतात. मेलेल्या माणसाचं उणं काढू नये, असंही म्हणतात. पण परवा मला तपासणीला पुण्याला जायचंय. तुमचा चष्मा माझ्या कपाटात आहे, तो तिथं परत करायचाय, आणि परत करताना तोंड उघडायचं की मिटून बसायचं हे मला ठरवता येत नाही. म्हणून मी बोलतेय आणि फोन लिहून घेतोय. त्याला आपली भाषा नीट कळत नाही, पण निदान मध्ये मध्ये "न्हाय, न्हाय" करत नाही.

आपली ओळख झाली ती दवाखान्यातल्या बाकावर. एकाच आजाराची दोन माणसं. आधी संध्याकाळचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, मग नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं, आणि एक दिवस ती नळीही बंद. तुम्ही कोऱ्हाळे बुद्रुकचे ऊसवाले, मी इंदापूर डेपोची कंडक्टर. दिसेनासं व्हायला लागल्यावर मी स्वतः डेपोत जाऊन सांगितलं होतं, की संध्याकाळच्या फेरीला उतरणाऱ्या म्हातारीचा पाय पायरीवर आहे का हवेत आहे हे मला दिसत नाही, मला गाडीवरून उतरवा. तुम्ही मात्र दिसत नसताना ट्रॅक्टर चालवून शेजाऱ्याचा बांध फोडलात, आणि बांधच सरकलाय म्हणून भावकीला पटवत बसलात. हे तुम्हीच मला पहिल्या भेटीत सांगितलंत आणि खो खो हसलात. मी तेव्हाच तुम्हाला ओळखायला हवं होतं.

आपली ऑपरेशनं एकाच आठवड्यात झाली. डोळ्याच्या आत, पडद्याला चिकटवलेली नखाएवढी पातळ पट्टी. चष्म्यावर बारका कॅमेरा, कमरेला डबा. वीज चष्म्यातूनच पोचणार, म्हणून चष्मा डोळ्यावर हवा. कॅमेऱ्यानं बघायचं, डब्यानं त्याचे ठिपके करायचे, आणि पट्टीनं त्या ठिपक्यांबरहुकूम पडद्याला विजेचे बारीक टोचे द्यायचे. मग आत उजेडाचे ठिपके उमटायचे. रंग नाही, चेहरा नाही. दरवाजा म्हणजे ठिपक्यांची चौकट, माणूस म्हणजे एक उभी रेघ, रेघ हलली म्हणजे माणूस चालला. एवढंच. पण ज्याच्याकडे काहीच उरलेलं नाही त्याला एवढंच केवढं असतं, ते तुम्हाला मी कशाला सांगू.

मॅडमनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. "याने दिसतं किती, ते आम्हाला साधारण ठाऊक आहे. पण डोळ्याच्या आत, त्या खारट ओलाव्यात, रोज वीज खेळवत हे यंत्र वर्षानुवर्षं राहिलं तर डोळ्याला काय होतं, ते ठाऊक नाही. ते तुमच्याकडूनच कळणार. म्हणून रोज वापरा. आणि टोचलं, खाजलं, लाल झालं, काहीही वाटलं तरी सांगा." यातून मी ऐकलं, रोज वापरा. तुम्ही ऐकलंत, हे टिकलं पाहिजे.

त्याच बैठकीत त्यांनी दुसरंही विचारलं होतं. आपल्यानंतर डोळा यंत्रासकट त्यांना तपासायला मिळेल का? मी विचार करून सांगते म्हटलं. तुम्ही लगेच म्हणालात, "न्या की. मी काय वर घिऊन जाऊन लावणार हाय व्हय?" माझ्याआधी तुम्ही शब्द दिलात, आणि तो मला खुपला. मग मीही दिला.

तपासणीच्या दिवशी मी पहिल्या गाडीनं बारामतीला यायची, तुम्ही कोऱ्हाळ्याहून यायचात, आणि स्टँडवरून दवाखान्याची जीप आपल्याला न्यायची. सकाळच्या पाळीला निघालेल्या एमआयडीसीच्या मोटारसायकली दोन्ही बाजूंनी सूं सूं जायच्या आणि तुमचं भाषण सुरू व्हायचं. ऊस, पाणी, कारखाना. पुण्याला जाताना तुम्ही बोलायचात आणि येताना मी भांडायची.

कारण तिथं खुर्चीत बसलं की तुमचं एकच. "काही त्रास?" "काय न्हाय." "डोळा लाल होतो?" "काय न्हाय. लई झाक चाललंय, मॅडम." आणि मी? मी माझ्या डोळ्याची सगळी गाऱ्हाणी घेऊन बसायची. पाणी येतं, उन्हात ठिपके नाचतात, डाव्या कानामागं दुखतं, नाकावरचं रबर रुततं. मॅडम सगळं लिहून घ्यायच्या. जीपमध्ये बसलो की तुम्ही सुरू.

"कंडक्टरबाई, किती कुरकुर करता. ती बाई एवढं करतीया आपल्यासाठी. ज्याच्या घरी जेवलो त्याच्या आमटीला नावं ठिवायची नसत्यात."

"अहो तात्या, आपल्याला आमटीला नावं ठेवायलाच बोलावलंय!"

"तरीबी. माणसानं रीत सोडू न्हाय."

"आणि कारखान्याच्या सभेत? तिथं वजनकाट्यावरून चेअरमनला उभा-आडवा घेता. तुमच्या हातातला माईक काढून घ्यावा लागतो म्हणे. तिथं कुठं जाते रीत?"

"त्यो कारखाना आपला हाय. सभासद हाय मी. माणसानं आपल्या घरात भांडावं, लोकाच्या घरात न्हाय."

"मग या डोळ्याचे सभासद कोण? मी आणि तुम्हीच ना?"

 तेवढ्यात सुपं गाव आलं, चहा आला, तुम्ही बशीत ओतून फुर्र केलंत आणि विषय तिथंच राहिला. पुढं कितीदा मी तो काढला, दर वेळी तुम्ही चहाच्या आड लपलात.

त्याच रस्त्याला एकदा ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. "चिंकारा! चिंकारा! बघा, बघा!" बिचाऱ्याच्या लक्षातच राहिलं नाही गाडीत कोण बसलंय. आपण दोघांनी माना वळवल्या. माझ्या डोळ्यात चारदोन ठिपके थरथरले आणि विझले. मी खूश. तुम्हाला विचारलं, "दिसलं?" तुम्ही म्हणालात, "दिसलं की! लई हुती." ड्रायव्हर म्हणाला, "तात्या, दोनच हुती." त्यावर सगळ्यात जास्त हसलात तुम्हीच. तुमचा डबा चालू तरी होता का, हा प्रश्न मला आत्ता सुचतोय.

मला वाटायचं, तुम्ही दुखणं लपवताय. आठवतं, काळ्या पाटीवरचा पांढरा चौकोन हातानं दाखवायची चाचणी? माझा हात दर खेपेला चौकोनाच्या जवळ जवळ जात होता आणि तुमचा पहिल्या दिवशी होता तिथंच. मॅडम विचारायच्या, "तात्या, रोज वापरता ना?" तुम्ही म्हणायचात, "तर!" डब्यात मोजलेले तासही भरलेले असायचे. मॅडम म्हणायच्या वयाचा फरक असेल. मी म्हणायची, तुम्हाला आत काहीतरी होतंय आणि तुम्ही भिडेपोटी सांगत नाही. जीपमध्ये तुमच्यावर ओरडलेसुद्धा. जिभेला हाड नाही माझ्या, नोकरीनंच ती तशी केली. तुम्ही फक्त म्हणालात, "न्हाय वं, खरंच काय हुत न्हाय." आणि ते खरं होतं, तात्या! न वापरलेल्या वस्तूला काय व्हायचंय?

तुमच्या गावच्या जत्रेला आले होते तेव्हा तुम्ही चष्मा लावून दारात उभे होतात. "या कंडक्टरबाई. दिसला, दिसला. उब्या रेघंत आला." मी मनात फुलून गेले. जेवण झाल्यावर तुमचा दत्ता मला ट्रॅक्टर दाखवायला, म्हणजे हात लावून दाखवायला घेऊन गेला. सीटवर हात ठेवला तर प्लास्टिक चुरचुरलं. म्हटलं, नवा घेतला वाटतं. दत्ता म्हणाला, "नवा कुठला, माझ्या लग्नाआधीचा हाय. तात्या प्लास्टिक काढू देत न्हायती. सीट खराब हुती म्हणं." घरात टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला रबर. आपल्याकडं घरोघरी असंच असतं. मी हसले आणि विसरले.

मग तो दिवस. सकाळी उसाला पाणी द्यायला दत्ताबरोबर गेलात, बांधावर बसलात आणि उठलाच नाहीत. दत्ताचा मला फोन आला तेव्हा त्याला शब्द फुटत नव्हता. मला रडायचं होतं, पण तोंडातून भलतंच आलं. "पंखा बंद कर. पापण्या मिटव, वर ओला कापूस ठेव. डोक्याखाली उशी दे. दवाखान्याला मी कळवते." मलाच माझी चीड आली. तो बापासाठी रडतोय आणि मी त्याला कापूस सांगतेय.

मी पोचले तेव्हा पुण्याची माणसं येऊन बसली होती आणि भावकीतला एक म्हातारा अडून होता. "मेल्यावर तरी माणसाला पुरं जाऊ द्या."  तेव्हा वैनी आतून आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "त्येंनी शबुद दिलाय." म्हातारा बाजूला झाला. नंतर तुमच्या तोंडावरून मी हात फिरवला, तात्या. पापणी मिटलेली, खाली डोळ्याच्या जागी पुण्याच्या माणसांनी बसवलेली वाटी. काहीही कमी झालेलं वाटत नव्हतं.

तेरावा झाल्यावर मी पुन्हा गेले. वैनींनी चष्मा आणि डबा आणून माझ्या हातात दिला, दवाखान्याला पोचता करायला. मी सवयीनं काडीवरून अंगठा फिरवला. माझ्या चष्म्याच्या काड्या घामानं खरखरीत झाल्यात, नाकावरचं रबर किती वेळा बदललं ते मला आठवत नाही. तुमची काडी गुळगुळीत, आणि तिच्यावर पातळ प्लास्टिकचा पापुद्रा. कारखान्यातून येताना असतो ना, तो. एका कोपऱ्याला जरासा उचकटलेला, बाकी घट्ट.

"वैनी, हा नवा दिला होता का त्यांना?"

"न्हाय वं. पयल्यापासनं त्योच की."

मी पापुद्र्याचा कोपरा पुन्हा चाचपला.  मग वैनी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हलक्या आवाजात सांगायला लागल्या.

"सकाळी डबा सुरू करायचं आन् चष्मा खुंटीला अडकवायचं. म्हणायचं, तास भरू द्यात, मॅडमला वाईट वाटाया नगं. मी म्हणलं, आवो घाला की, दिसतंय तर. तर म्हणायचं, आतली वस्तू हाय, बदलता येत न्हाय. लई वापारली तर घासंल. मॅडमला टिकल्याली दावायची हाय, न्हायतर बिचारीचं नाव खराब व्हईल."

म्हणजे इतकी वर्षं कोऱ्हाळ्याचं ते अंगण तुमची खुंटी बघत होती! मला हसू आलं. तुम्ही मॅडमना फसवत नव्हतात, तात्या, तुम्ही त्यांना पास करत होतात. लेकीच्या सासरी उणं दिसू नये म्हणून बाप जसा धडपडतो, तसं.

"मग घालायचे तरी कधी?"

"पाव्हणं आल्यावर. चांगला फेटा बांधावा तसं."

"आणि तुम्हाला बघायला?"

"मला कशाला? मी काय पाव्हणी हाय व्हय?" वैनी हसल्या, पण ते हसू मध्येच थांबलं. मग म्हणाल्या, "एकदा मी गंमत केली. दत्ताच्या लग्नातली साडी नेसली, मागल्या दारानं भाईर गेले आन् पुढच्या दाराची कडी वाजवली. म्हणलं, पाव्हणी आलीया, चष्मा घाला. लई हसलं. घातला. म्हणलं, काय दिसतंय? तर म्हणलं, दारात उबी रेघ हाय. सरळ हाय अजून." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "लई बेस वाटलं बगा मला."

एवढं डोळ्यात साठवायचं सोडून तुम्ही काय जपत बसलात, तात्या? कुणासाठी? मला तुमचा राग येतो. खरंच येतो. मी सकाळी तोंड धुतल्यापासून चष्मा चढवते तो झोपेपर्यंत. कपड्यांच्या दोरीची रेघ, खिडकीची चौकट, गल्लीत शिरणारी गाडी, जे मिळेल ते ओरबाडून घेते. तुम्ही मात्र नजर ठेवलीत ट्रंकेत.

आणि आता हा निकाल. काल मॅडमचा फोन झाल्यावर तासाभरात सुप्याहून शीतलचा फोन. तुम्ही तिला ओळखता, आपल्याच आजाराची, तपासणीला आली की "तात्या, तात्या" करत तुमच्याजवळ बसायची ती. तिला यंत्र बसवायचं की थांबायचं हे तुमच्या डोळ्यावर ठरणार होतं. "मावशी, तात्या पास झाले! आता माझा नंबर!" तिचा तो आवाज ऐकून मी काय बोलू? म्हटलं, पोरी, गोड झालं. फोन ठेवला आणि पुन्हा येरझाऱ्या.

गप्प बसणं सोपं आहे. काडीवरचा पापुद्रा मी अंगठ्यानं सोलून टाकला की झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचं नाव राहील, वैनींची मान वर राहील, शीतलला यंत्र मिळेल, मॅडम खूश. काल मी तो कोपरा उचललाही होता. परत दाबून बसवला. कारण उद्या शीतल माझ्यासारखी दिवसभर चष्मा लावणार, आणि तिच्या डोळ्याचं काय होईल याची ग्वाही तुमच्या खुंटीनं दिलेली असणार. आणि माझं काय? तुमचं यंत्र स्वच्छ निघालं हे ऐकून क्षणभर मलाही हायसं वाटलं होतं. मग कळलं, ते हायसं माझ्या वाट्याचं नाही.

आज सकाळी राहवलं नाही, वैनींना फोन लावला. "वैनी, मी हे तिथं सांगू का?" पलीकडं नुसता भांड्यांचा आवाज. मग तोही थांबला.

"त्येंनी सभंत कुणाची भीड ठिवली का?"

"नाही."

"मग त्येंची बी ठिवू नगा. सभा सगळ्यांची हाय."

तात्या, तुम्ही चहाच्या आड दडवलेल्या प्रश्नाचं उत्तर वैनींनी दिलं.

मध्ये काही दिवस गेले. जाऊन आले. आता उरलेलं सांगते.

जीपमध्ये मी एकटीच. सुप्याला ड्रायव्हरनं सवयीनं दोन चहा सांगितले. दुसरा त्यानंच घेतला.

मॅडमच्या हातात चष्मा दिला आणि म्हटलं, "बघू नका, हात फिरवा." त्यांनी फिरवला. पापुद्र्यापाशी बोट थांबलं असावं, कारण त्यांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. "डब्यातले तास?" "खुंटीचे." मग मी सगळं सांगितलं, घासंल म्हणायचात तेही, मॅडमचं नाव खराब होईल म्हणायचात तेही. त्या खुर्चीत बसल्या. त्यांना राग आला होता, आणि तो लपवावा असंही त्यांना वाटत नव्हतं. "हे मी चार जणांना कळवून बसलेय हो," म्हणाल्या. मी म्हटलं, "परत कळवा. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही." असं बोलायला नको होतं. 

मग त्यांनी विचारलं, "पाहुणे आल्यावर घालायचे?" मी हो म्हटलं. तेव्हा त्या हसल्या की रडल्या ते मला कळलं नाही.

"मग त्यांचा निकाल बाद का, मॅडम?" हे मी विचारलं तेव्हा माझा जीव कानात आला होता. तुमचा डोळा फुकट गेला असं त्या म्हणाल्या असत्या तर मी वैनींना काय तोंड दाखवणार होते?

"बाद नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "वेगळा. नुसतं यंत्र आत राहिलं, त्यातून वीज जवळजवळ गेलीच नाही, तर डोळा ते सोसतो. हे आम्हाला एरवी कधीच कळलं नसतं. न वापरायला कोण यंत्र बसवून घेईल? आता कुणाच्या डोळ्यात काही बिघडलेलं दिसलं, तर ते नुसत्या यंत्रानं बिघडलं की विजेनं, हे तात्यांच्या डोळ्याशेजारी ठेवून ओळखता येईल. फक्त त्यासाठी दुसरा..." आणि त्या थांबल्या.

"दुसरा माझा," मी म्हटलं.

"मी तसं म्हणणार नव्हते."

"तुम्ही नाही म्हटलं तरी तसंच आहे. त्याच आठवड्यात बसवलेला, आणि दिवसभर वापरलेला. शब्द दिलाय मी. फक्त घाई करू नका."

मग त्यांनी माझा डोळा कधी नव्हे इतका वेळ तपासला. यंत्राची तार डोळ्यात शिरते तिथं वरची त्वचा किंचित पातळ झालीय म्हणाल्या. चष्मा वापरायला हरकत नाही, पण आता लवकर लवकर यायचं, आणि काही टोचलं तर फोन करायचा. मी म्हटलं, त्याची काळजी करू नका, तक्रार करायला मला शिकवावं लागत नाही. बाहेर बाकावर येऊन बसले. त्या बाकावर तुमची जागा उजवीकडं. मी डावीकडंच बसले.

शीतलला मॅडमनी कळवलं. थांबायला सांगितलं, किती ते सांगता येत नाही म्हणाल्या. तिचा मला फोन आला. "मावशी, तुम्हाला काय गरज होती? तुम्हाला दिसतंय ना, मग?" आणि ठेवून दिला. ते मला लागलं, तात्या. तिचं चुकलं असंही म्हणवत नाही. तुम्ही असतात तर तिला काहीतरी खोटंनाटं सांगून हसवलं असतंत. मला ते जमत नाही. उद्या सुप्याला जाऊन तिच्यासमोर बसणार आहे, शिव्या दिल्या तर खाणार आहे.

येताना मी बारामतीला उतरले आणि थेट इंदापूरची गाडी न धरता कोऱ्हाळ्याची धरली. वैनी चुलीपुढं होत्या. माझी चाहूल लागताच म्हणाल्या, "पास का नापास?"

"अर्धा पेपर त्यांनी सोडवलाय, वैनी. अर्धा मला सोडवायचाय."

त्यांनी तो अर्धा कशाचा हे विचारलं नाही. चहा केला, भाकरी बांधून दिली. खुंटी अजून तिथंच आहे, तिला आता दत्ताची टोपी अडकवलेली असते असं म्हणाल्या. तुमच्याबद्दल आम्ही फारसं बोललोही नाही. तुमच्यावर अजून रागावलेय का, असं वैनींनी विचारलं. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी बी."

निघाले. दत्ता मोटारसायकल काढत होता. अंगणात आल्यावर मी वळले, चष्मा डोळ्यावर होताच. आधी दाराची चौकट आली, मग तिच्या मधोमध, हळूहळू, ठिपक्यावर ठिपका चढला. मी बराच वेळ बघत राहिले, तुमच्या वाटणीचंही.

दारात एक उभी रेघ होती. सरळ आहे अजून, तात्या.